किल्ल्यातलं बिऱ्हाड

पहाटे पावणेपाच

सुताची दोरी आदल्या संध्याकाळी भिजवून, ताणून अंगणात वाळत घातली होती. नवी दोरी कोरडीच मोजली की पहिल्या दवात आखडते आणि मग दिवसभराची सगळी मापं खोटी पडतात. हे वडिलांनी शिकवलेलं. आता स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसून तिला गाठी मारायच्या होत्या. एकूण ३३ फूट, दर फुटाला गाठ, दर अकराव्या गाठीला लाल चिंधी. गाठीत दोरी खर्ची पडते, म्हणून प्रत्येक गाठीनंतर पुन्हा फूटपट्टी लावायची. चहा दोनदा गार झाला.

३३ फूटच का, हे मुलांना वर्गात सांगून ठेवलं होतं. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी जमीन मोजली ती ३३ फुटांच्या साखळीनं. साखळीचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आमच्या वर्गातल्या प्रत्येक लेकराला घरचे एकर-गुंठे पाठ असतात. त्या गुंठ्याच्या पोटात ही साखळी बसली आहे, हे मात्र त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी उमरग्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवते. आठवीला इंग्रजी राजवट येते. तह, लढाया, गव्हर्नर जनरल सगळं मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. पण ते राज्य चालवणारा माणूस रात्री कुठं झोपायचा, त्याच्या न्हाणीत पाणी कोण ओतायचं, त्याच्या दाराशी कोण ताटकळत बसायचं, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. राज्य कसं होतं ते राज्यकर्त्याच्या घरावरून कळतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून यंदा नळदुर्गला जायचं ते बुरूज मोजायला नाही, घर मोजायला, असं ठरवलं. पौषातला शनिवार, मुलं एकवीस, आम्ही शिक्षक दोघं.

सहा

गाडी सुटली तेव्हा उजाडलं नव्हतं. डाळिंब, येणेगूर मागं पडेपर्यंत निम्मी मुलं झोपेत होती. बाहेर ज्वारी कणसावर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, कुठं तुरीची कापणी. सोलापूर-हैदराबाद हा रस्ता आमच्या रोजच्या सवयीचा आहे, इतका की त्याच्या कडेला एका परक्या माणसानं चार वर्षं संसाराविना बिऱ्हाड मांडलं होतं, याची कुणाला आठवणही येत नाही.

त्या माणसाचं नाव फिलिप मेडोज टेलर. जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी त्याला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे धाडलं. त्या पेढीचं काही खरं नव्हतं. त्याच वर्षी, १८२४ मध्ये, तो निजामाच्या फौजेत दाखल झाला आणि दख्खनचाच होऊन राहिला. हिंदुस्थानी, मराठी, फारसी शिकला. भूमापन, बांधकाम, कायदा, भूगर्भशास्त्र असं सगळं आपलं आपणच शिकला, कारण शिकवायला जवळ कुणी नव्हतं. ठगांच्या जबान्या ऐकून लिहिलेली त्याची कादंबरी १८३९ मध्ये लंडनला छापली गेली आणि गाजली. १८४४ मध्ये बायको गेली. १८५३ पर्यंत एकूण बारा वर्षं सुरपूरच्या संस्थानाचा कारभार त्यानं पाहिला. आणि त्या वर्षी तो आपल्याकडे, नळदुर्गला आला.

‘‘का आला?’’ शेवटच्या बाकावरचा एकजण जागा झाला होता.

निजामाच्या नावानं एक फौज होती, हैदराबाद कंटिंजंट. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, खर्च निजामाचा. पगार थकत गेले, कर्ज चढलं, आणि २१ मे १८५३ च्या तहानं त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूरचा दोआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. आपल्या मुलखाची व्यवस्था टेलरकडे आली.

‘‘म्हंजी गहाण पडलो का आपण?’’

जवळजवळ तसंच, मी म्हटलं. १८६० मध्ये वऱ्हाड तिकडेच राहिलं, रायचूर आणि आपण सुटून निजामाकडे परत गेलो. सात वर्षांचं गहाण. ही गोष्ट मी पाच वर्षं खडू-फळ्यावर शिकवत होते. गहाणखत हा शब्द ज्याच्या घरात बोलला गेला आहे त्या पोरानं ती एका वाक्यात उलगडून टाकली.

साडेसात

नळदुर्गला उतरलो तेव्हा उन्हं कोवळी होती. चहाच्या टपरीवर एका आजोबांनी विचारलं, ‘‘कुठं चाललाव बाई, एवढी लेकरं घेऊन? खंडोबाला?’’

किल्ल्यात, म्हटल्यावर ते म्हणाले, ‘‘आधी देवाला जावा. देव सध्या हितंच हाय.’’

परमुलखातल्या माणसाला हे वाक्य कळणार नाही. नळदुर्ग आणि शेजारचं अणदूर, दोन्हीकडे खंडोबाची देवळं आहेत, पण देव एकच. मूर्ती वर्षातला बहुतेक काळ अणदूरला असते, हिवाळ्यात नळदुर्गला येते, पौष पौर्णिमेची यात्रा इथं भरते आणि मग देव पुन्हा अणदूरला जातो. देव नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. देवाचंसुद्धा बिऱ्हाड हलतं, आणि ते कागद करूनच हलतं. बिऱ्हाड या शब्दाचा अर्थ मला यापेक्षा नेमका कुठं भेटलेला नाही. आजचा धडा इथूनच सुरू करायचा, असं तिथल्या तिथं ठरवलं. दर्शन घेतलं, भंडारा लावला आणि पिवळ्या कपाळांनी एकवीस जण किल्ल्याकडे निघाले.

सव्वाआठ

नळदुर्ग डोंगरावर नाही. बेसॉल्टच्या पठाराचा एक तुकडा पुढं आलाय, त्याला दोन बाजूंनी बोरी नदीनं वळसा घातलाय, कडे सरळ तुटलेले. पाठीमागून सपाटीनं येणाऱ्या शत्रूसाठी खंदक आणि तट. ११४ बुरूज, त्यांतला एक नऊ पाकळ्यांचा. मधोमध उपळी बुरूज, ७७ पायऱ्यांचा, वर दोन लांबलचक तोफा. मुलं पायऱ्या मोजत धावली. मी खालीच थांबले.

वरून हाक आली, ‘‘मॅडम, सगळं दिसतंय!’’

म्हणूनच तो बांधला होता. हा किल्ला सतत कुणाच्या तरी सरहद्दीवर होता. बहमनी गेले, आदिलशाही आली, मग मुघल, मग निजाम. सोलापूर १८१८ पासून कंपनीकडे, आणि इथं निजामाची हद्द. दोन राज्यांच्या मधला हा दगड. सरहद्दीवरच्या किल्ल्यात नेमणूक होणं म्हणजे काय, ते त्या पायऱ्यांवर बसून मुलांना विचारलं. एक मुलगी म्हणाली, तिचे मामा सैन्यात आहेत, त्यांना फॅमिली क्वार्टर मिळत नाही अशा ठिकाणी पाठवलंय. मी म्हटलं, टेलरचंही तसंच. मुली विलायतेत वाढत होत्या. पत्र सुएझच्या मार्गानं जायला महिना-सव्वा महिना, उत्तर यायला तेवढाच. एका प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत ऋतू बदलायचा. त्यातलीच एक मुलगी, ॲलिस, हिनं पुढं वडिलांचं आत्मचरित्र संपादित करून १८७७ मध्ये छापलं. तेव्हा वडील जाऊन वर्ष झालं होतं. आज आपल्याला त्या बिऱ्हाडाचं जे काही ठाऊक आहे, ते त्या लेकीमुळं.

नऊ

किल्ल्यातल्या ज्या इमारतींमधून कधीकाळी अंमलदारांचा वावर असे, त्यांतल्या एकीच्या जोत्यावर सतरंजी टाकली. दोरी उलगडली. एका टोकाला दोघं, दुसऱ्या टोकाला दोघं, एकजण गाठी मोजणारा, एकजण लिहिणारी. बाकीच्यांनी गाजरगवत उपटून कोपरे मोकळे केले, कारण कोपरा दिसल्याशिवाय खोली मोजता येत नाही.

पहिल्यांदा भिंतीची जाडी घेतली. तीन फुटांच्या वर भरली. एकानं गाल दगडाला लावून पाहिला. ‘‘गार हाय की, मॅडम!’’

आमच्याकडच्या जुन्या घरांना अशाच भिंती असायच्या. दगड, माती, वर माळवद. उन्हाळ्यात बाहेर अंग भाजत असलं तरी आत थंडगार. पण जाड भिंत म्हटली की माझा हात आजही आपोआप मागं येतो. ३० सप्टेंबर १९९३ ला मी तिसरीत होते. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली, आणि ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवलं त्याच भिंती झोपेतल्या माणसांवर आल्या. किल्लारी, सास्तूर ही नावं देशाला त्या दिवशी कळली. आमच्यासाठी ती मामा-मावशींची गावं होती. मुलांना हे थोडक्यात सांगितलं. घराचा विषय निघाल्यावर ते वगळून पुढं जाणं मला जमत नाही. नुसत्या दगडमातीची भिंत आणि चुन्यात बांधलेली, आडवे चिरे घालून सांधलेली भिंत यांतला फरक मग त्यांनी स्वतः बोटांनी चाचपून पाहिला. आमच्या मुलखातल्या लेकरांना हा फरक कळायलाच हवा.

मग घर उभं केलं, बोलून बोलून. त्या काळच्या दख्खनेतल्या साहेबी बंगल्याचा नकाशा साधारण ठरलेला असे. मधे दिवाणखाना, दोन्ही अंगांना निजायच्या खोल्या, प्रत्येक खोलीला लागून न्हाणी. न्हाणीला बाहेरून वेगळं दार, कारण पाणी आणणाऱ्यानं आणि मैला नेणाऱ्यानं घरातून जायचं नाही. भोवती व्हरांडा. स्वयंपाकघर घरात नाहीच. धूर आणि आगीच्या भीतीनं ते दूर, मागच्या अंगाला. त्याच्याही पलीकडे चाकरांच्या खोल्यांची रांग आणि घोड्यांची पागा. जुन्या किल्ल्यातली एखादी इमारत अशा बिऱ्हाडासाठी वापरायची झाली की तिच्या दालनांना हाच नकाशा चिकटवायचा. सामान मोडून उंटावर किंवा गाडीवर लादता येईल असं. घडीची खाट, घडीची खुर्ची, पितळी कोपऱ्यांच्या पेट्या. बदलीचा हुकूम आला की दोन दिवसांत घर उचलायचं.

मुलांना कामं वाटली होती. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी. खानसामा. मशालजी. भिस्ती. मोतद्दार. परीट. माळी. झाडूवाला. पंखेवाला. टपालाचा हरकारा. दोन चपराशी. एक साहेब. पाट्या वाटून झाल्यावर साहेब झालेला मुलगा एकटाच दिवाणखान्यात उभा राहिला आणि बाकी सगळे भिंतीबाहेर गेले. तो कावराबावरा होऊन म्हणाला, ‘‘मॅडम, आतमदी मी एकलाच हाय.’’

एका माणसाला एक घर, आणि ते चालवायला बाहेर एवढी माणसं. त्या जोत्यावर हे सगळ्यांना आपल्या डोळ्यांनी दिसलं. मी त्यावर काही बोलले नाही.

भिस्त्याची पाटी मिळालेली मुलगी कामाला लागलेली. पखाल म्हणजे काय, ते तिला ठाऊक नव्हतं. कमावलेल्या कातड्याची पिशवी, पाठीवर घ्यायची ती मशक, बैलावर लादायची ती पखाल, असं सांगितलं. तिनं दप्तरात दोन पाण्याच्या बाटल्या भरल्या, ते पाठीवर घेतलं आणि नदीच्या बाजूच्या तटापासून न्हाणीच्या दारापर्यंत वाकून चालत आली. पावलं मोजली. मग म्हणाली, हे दिवसातून किती वेळा? सकाळची आंघोळ, घोडी, स्वयंपाक, बागेची झाडं, उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या भिजवणं. तिनं वहीत फेऱ्या मांडल्या आणि त्यांना पावलांनी गुणलं. गणिताच्या तासाला ती एवढ्या आवडीनं गुणाकार करत नाही.

अकरा

सावली आकसली तशी आम्ही कडुनिंबाखाली सरकलो. इथं मी त्यांना जगाच्या पलीकडच्या बाजूला नेलं.

टेलर नळदुर्गला आला त्याच्या चार वर्षं आधी, १८४९ मध्ये, अमेरिकेच्या फौजेनं पश्चिमेच्या वाटेवरचं एक ठाणं कातडी-व्यापाऱ्यांकडून ४००० डॉलरना विकत घेतलं. नाव फोर्ट लॅरमी. किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तट येतो. तिथं मोठासा तटही नव्हता. मधे कवायतीचं मैदान, एका बाजूला शिपायांच्या बराकी आणि समोर अधिकाऱ्यांच्या घरांची रांग. त्याच साली बांधलेलं दोन मजली लाकडी घर अजून उभं आहे. त्यात मुख्यतः अविवाहित अधिकारी राहत, आणि त्याला नाव पडलं ओल्ड बेडलॅम, म्हणजे वेड्यांचं जुनं इस्पितळ, इतका तिथं दंगा.

मुलांना सगळ्यात रस वाटला तो तिथल्या वाटणीच्या नियमात. घर माणसाच्या गरजेवर नाही, हुद्द्यावर मिळे. लेफ्टनंटला एक खोली आणि स्वयंपाकघर, कॅप्टनला दोन खोल्या, वर चढाल तशा वाढत्या. लेफ्टनंटला चार लेकरं असली तरी खोली एकच. आणि वरच्या हुद्द्याचा नवा अधिकारी ठाण्यावर आला की तो आपल्याला आवडेल ते घर मागे. त्यात राहणारा त्याच्या खालच्याचं घर घेई, तो त्याच्या खालच्याचं. एका माणसाच्या बदलीनं सगळी रांग सामान डोक्यावर घेऊन हले.

‘‘आन्‌ सगळ्यात खालचा?’’

तंबूत.

टेक्सासमध्ये १८५४ साली फोर्ट डेव्हिस बसवला. पुढं तिथं मातीच्या कच्च्या विटांची घरं उभी राहिली. अशा सरहद्दीवरच्या घरांना मातीची छपरं असली की माती गळायची, पावसात चिखल टपकायचा, म्हणून बायका छताला आतून कापड ताणून बांधायच्या. आपल्याकडच्या बंगल्यांतही गवती छपराखाली असंच कापड ताणलेलं असे, वरून विंचू-साप पडू नयेत म्हणून. दोन खंडांतल्या दोन घरांनी एकमेकांना न विचारता एकच उपाय काढला. माळवदाच्या घरात वाढलेल्या माझ्या मुलांना तो शिकवावा लागला नाही; पावसाळ्यात गळक्या खणाखाली परात ठेवायचं काम त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी केलेलं होतं.

तिथं कपडे धुणाऱ्या बायका फौजेच्या हिशेबात धरलेल्या असत, त्यांना शिधा मिळे. घरकामाला अधिकारी एखाद्या शिपायालाच वरचे पैसे देऊन ठेवत. १८७० मध्ये कायद्यानं त्याला मनाई झाली, तरी प्रथा चालूच राहिली. १८७४ मध्ये नवऱ्याबरोबर ॲरिझोनाच्या ठाण्यांवर गेलेल्या मार्था समरहेज या बाईनं पुढं १९०८ मध्ये सगळी हकिगत पुस्तकात लिहिली. चूल, अंथरूण, बाळंतपण, सगळं. अशी एक वही नळदुर्गच्या मागच्या अंगणातून, खानसाम्याच्या किंवा भिस्त्याच्या घरातून आपल्या हाती आली असती तर मी तिच्यावर वर्षभर तास घेतले असते.

आणि तिथंही तह झाला होता. १८५१ साली फोर्ट लॅरमीजवळ, लाकोटा, शायान आणि आणखी बऱ्याच जमातींबरोबर. कागद झाला, वचनं दिली गेली, आणि मुलूख त्यांच्या हातून जात राहिला. लॅरमीच्या त्या पांढऱ्या रंगवलेल्या व्हरांड्याकडे मला नुसतं कौतुकानं बघता येत नाही. नळदुर्गच्या जोत्याकडेही नाही.

पाऊण

जेवण. भाकरी, शेंगादाण्याची चटणी, वांग्याची भाजी. कुणाच्या तरी आईनं सगळ्यांना पुरतील एवढ्या धपाट्या दिल्या होत्या. जेवण झाल्यावर पोरं पेंगायला लागली. पौष असूनही दुपारचं ऊन लागत होतं.

पंखेवाल्याची पाटी ज्याच्या गळ्यात होती तो सकाळपासून कुरकुरत होता, की त्याला काहीच काम नाही. त्याचं काम आता होतं. कडुनिंबाच्या आडव्या फांदीवर एका मुलीची ओढणी पसरून टाचली, खालच्या कडेला काठी बांधली आणि काठीला दोरी. छताला टांगलेला लांबलचक झालरीचा पंखा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर, आणि बाहेर बसलेला माणूस ती ओढतोय, अशी ती रीत. साहेब आत गारव्यात, पंखेवाला बाहेर उन्हात. आत त्याचा चेहरा दिसत नाही, त्याला आतला वारा लागत नाही.

‘‘दहा मिनिटं. थांबायचं नाही,’’ मी घड्याळ लावलं.

दोन मिनिटं तो हसत ओढत होता. चौथ्या मिनिटाला त्यानं हात बदलला. सहाव्याला पाय पुढं टाकून दोरी अंगठ्याला गुंडाळली आणि पायानं ओढायला लागला. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. पंखेवाले नेमके असंच करत. जुन्या चित्रांत ते दिसतं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांमागच्या एका थकलेल्या माणसाची युक्ती माझ्या समोर, उमरग्याच्या एका पोराच्या अंगठ्याला आपसूक सुचली. आठव्या मिनिटाला ओढणी थांबली. खाली सतरंजीवर आडवा झालेला साहेब झोपेतच म्हणाला, ‘‘ओढ की रं.’’

सगळे हसले. पंखेवाला हसला नाही. तो उठला आणि म्हणाला, आता दहा मिनिटं ह्यानं ओढायचं. न्याय झाला.

अडीच

दिवसातली ही वेळ मी राखून ठेवली होती. कचेरीची.

‘‘व्हरांडा म्हणजे आपल्या वाड्यात काय?’’ असं विचारलं. कुणी म्हणालं ओसरी, कुणी सोपा. मग खालच्या आळीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘ढाळज.’’

तेच मला हवं होतं. मराठवाड्यातल्या वाड्याचं मोठं दार ओलांडलं की दोन्ही अंगांना उंच बैठका, ती ढाळज. पाहुणा तिथं टेकतो, भांडण तिथं मिटतं, सालगड्याचा हिशेब तिथं होतो, गावकीच्या बायका कामासाठी तिथवर येतात. घराच्या आत, पण घरात नाही. बंगल्याचा व्हरांडा त्या साहेबी घराची ढाळज होता. टेबल, खुर्ची, दौत. बाजूला शिरस्तेदार, कारकून मांडी घालून. पायरीखाली चपराशी. आणि अंगणात, बाभळीच्या सावलीला, रात्रीच चालत निघून सकाळी पोचलेले कुळंबी.

या घराला जे मोल आहे ते माझ्या मते इथं, या व्हरांड्याच्या कडेला. टेलरला इथल्या माणसाशी बोलायला दुभाष्या लागत नव्हता. या मुलखाच्या जमिनीची मोजणी आणि आकारणी त्यानं हाती घेतली तेव्हा मोजणीदार बाहेरून आणले नाहीत. इथलीच पोरं शिकवून तयार केली. मेडोजचं लोकांनी आपल्या तोंडाला सोपं करून महादेव बाबा केलं. १८५७ च्या ऑगस्टात, उत्तरेत वणवा पेटलेला असताना, त्याला वऱ्हाडात बुलढाण्याला पाठवलं; बरोबर फौज द्यायला नव्हती. तो निघाला तेव्हा नळदुर्गची माणसं रडली, असं त्याच्या आत्मचरित्रात आहे. लिहिणारा स्वतः टेलर, हे मी मुलांना सांगितलं. आणि तो परक्या सत्तेचा अंमलदार होता, सारा त्या सत्तेसाठीच गोळा होत होता, हेही. दोन्ही गोष्टी एकाच व्हरांड्यात बसल्या होत्या.

मग मुलांनी कचेरी भरवली. साहेब दगडावर बसला. एक मुलगी पुढं आली, पदर घेतल्यासारखी ओढणी डोक्यावर घेतली.

‘‘साहेब, माझा मालक वारला. दिरानं बांध सरकावलाय.’’

साहेबानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तुझं तू बघ.

‘‘किती सरकावलाय?’’

‘‘दोन हात.’’

‘‘कुणी मोजलं?’’

‘‘मी. रातच्याला. काठीनं.’’

साहेब गोंधळला. मग त्याला सुचलं. ‘‘दोरी आणा रं.’’

आणि आमची ३३ फुटांची दोरी घेऊन तिघं जोत्याखाली उतरले. दीर झालेला मुलगा ओरडू लागला, की मोजणी नको, मोजणी झाली की सारा वाढतो. त्याच्या आज्यानं म्हटलेलं वाक्य असणार ते. मोजणीचा माणूस गावात आला की आजही असंच कुणीतरी म्हणतं. हिच्या पोटात आनंद, त्याच्या पोटात गोळा, आणि दोघांच्या मधे एकच दोरी. मी वहीत काही लिहून घ्यायचंही विसरले.

चार

पाणीमहाल ठेवला होता शेवटी. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरीला बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात महाल ठेवला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं, खिडकीबाहेर पाण्याचा पडदा, आणि आतली खोली कोरडी. पौषात धार नसते. मुलं हिरमुसली. पण वरच्या अंगाला साठलेलं पाणी मावळतीच्या उन्हात चकाकत होतं, आणि भिस्ती झालेली मुलगी एकटीच त्या कडेला उभी राहून हिशेब सांगत होती, की पखाल भरायला इथवर यायचं म्हटलं तर तिचा सकाळचा गुणाकार चुकला.

निघताना मी त्यांना सांगितलं, की सुरपूरला, कर्नाटकात, याच टेलरचा बंगला अजून धड आहे, टेलर मंझिल म्हणतात, सरकारी विश्रामगृह म्हणून वापरात आहे. तिथं लोक जाऊन मुक्काम करतात, म्हणून त्याचं छप्पर शाबूत आहे. आमच्या जोत्यावर गाजरगवत आहे. मला याचं वाईट वाटतं. आम्ही उपटलेलं गवत निदान एका पावसाळ्यापुरतं तरी मोकळी जागा ठेवील.

रात्री साडेआठ

गाडी उमरग्यात शिरली तेव्हा दिवे लागले होते. एकेकाला घरच्यांच्या ताब्यात दिलं. पंखेवाल्याची आई म्हणाली, ‘‘आज काय केलंत बाई? अंगठा सुजवून आलाय.’’ त्यानं स्वतःच सगळं सांगायला सुरुवात केली.

घरी येऊन मापांचा कागद पसरला. दिवाणखान्याच्या समोरासमोरच्या दोन भिंती जुळेनात. एक बाजू दुसरीपेक्षा फूटभर जास्त. जुन्या बांधकामात इंच-दोन इंच फरक मी समजू शकते, फूट नाही. दोरी काढून दिव्याखाली पाहिली. बाविसाव्या फुटाची लाल चिंधी जागच्या जागी होती, पण तिच्या पुढची गाठ नव्हतीच; दिराच्या आणि वहिनीच्या ओढाताणीत सुटली असावी. मोजणाऱ्यानं पुढच्या गाठीला तेवीस म्हटलं आणि तिथून सगळं एकानं कमी भरत गेलं. आता दिवाणखान्याची दुसरी भिंत कचेरीआधी घेतली की नंतर, हे लिहिणाऱ्या मुलीच्या वहीतून काढावं लागेल.

सोमवारी वर्गात हा कागद असाच, चुकीसकट, फळ्यावर लावणार आहे. पुढच्या शनिवारी त्यांच्यातल्या चौघांना घेऊन ती एक भिंत पुन्हा मोजायची. दोरी भिजवून अंगणात ताणली आहे.